उधारीचं पोतं आणि कोपनहेगन : फिल्म सोसायट्यांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांच्या कार्यकारिणींतले सर्व ज्येष्ठ आणि मित्र

विषय : स्कँडिनेव्हियन सिनेमाच्या कार्यक्रमात गर्दच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या, धंद्यावरचे चित्रपट घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

स्कँडिनेव्हिया म्हटलं की आपली कार्यक्रमपत्रिका जवळपास आपोआप तयार होते. स्वीडनचा बर्गमन, डेन्मार्कचा ड्रायर, मग लार्स फॉन ट्रियर, व्हिंटरबर्ग आणि भूगोलाकडे जरा काणाडोळा करून फिनलंडचा कौरिस्माकी. देव, मृत्यू, मौन, समुद्रकिनारा. यातल्या एकाही नावावर माझा आक्षेप नाही. सिनेमा पाहायला मी शिकलो तो यांच्याच जोरावर आणि तुमच्याच खुर्च्यांवर बसून. पण याच देशांनी गेल्या तीसेक वर्षांत आणखी एक सिनेमा उभा केला. त्यात हेरॉइनच्या पुड्या आहेत, वसुलीवाले आहेत, तुरुंगातून कालच सुटून आलेली पोरं आहेत. हा सिनेमा आपल्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. सुचवला की उत्तरं ठरलेली असतात. ‘हिंसा फार आहे.’ ‘गँगस्टर हिंदीत ढिगाने आहेत, ते बघायला सोसायटी कशाला?’ आणि हळू आवाजातलं तिसरं, ‘आपले सभासद आता साठीच्या पुढचे.’

तिसऱ्या उत्तराबद्दल आधी बोलतो. साठीच्या पुढची माणसं बर्गमनच्या चित्रपटात मुलीची विटंबना आणि बापाचा सूड बघून घरी जाऊन शांत झोपतात. त्यांना कोपनहेगनमधल्या एका कर्जबाजारी माणसाचा आठवडा झेपणार नाही, असं समजणं हा त्यांचा अपमान आहे.

या माणसाचं नाव फ्रँक. निकोलस विंडिंग रेफन या दिग्दर्शकाचा ‘पुशर’ १९९६ साली आला तेव्हा रेफन पंचविशीत होता. वडील चित्रपटांचे संकलक आणि दिग्दर्शक, आई छायाचित्रकार. डेन्मार्कच्या फिल्म स्कूलमध्ये प्रवेश मिळाला होता, तो सोडून त्याने हा चित्रपट केला. फ्रँकची भूमिका किम बोडनियाची. पुलावर सापडलेल्या प्रेताची स्वीडिश-डॅनिश मालिका ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हा चेहरा ओळखीचा वाटेल. सोबतीला टकलावर ‘रिस्पेक्ट’ असं गोंदवून घेतलेला टोनी, म्हणजे मॅड्स मिकेल्सन. त्याचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट.

कथा सांगण्यासारखी नाहीच, हिशेब मात्र सांगण्यासारखा आहे. फ्रँक हा मधला माणूस. वरून माल घ्यायचा, खाली विकायचा. वरचा व्यापारी मिलो. सर्बियन, अघळपघळ, गोड बोलणारा, दुकानात आलेल्याला खाऊपिऊ घालणारा. फ्रँककडे त्याची जुनी बाकी आहेच. तुरुंगातल्या ओळखीचा एक स्वीडिश माणूस येतो, मोठी ऑर्डर देतो. फ्रँक मिलोकडून आणखी माल उचलतो, तोही उधारीवर. सौदा चालू असताना पोलिसांची धाड पडते. फ्रँक पळतो आणि भर शहरातल्या तलावात पडून सगळं हेरॉइन पाण्यात घालवतो. पुरावाच विरघळल्यामुळे पोलिसांना त्याला सोडावं लागतं. इथे सामान्य गुन्हेपट संपला असता, कारण नायक सुटला. ‘पुशर’ खरं तर इथे सुरू होतो. कायद्याच्या लेखी फ्रँक मोकळा आहे, मिलोच्या वहीत मात्र जुनी बाकी, बुडालेला माल आणि वर दंड एवढं सगळं त्याच्या नावावर चढलंय.

उधारीचं पोतं सव्वा हात रितं, असं आपण म्हणतो. पुढचा तासभर हे पोतं भरायचा प्रयत्न चालतो आणि ते रितंच राहतं. फ्रँक आपल्या देणेकऱ्यांकडे जातो, त्यांच्याकडे काही नसतं. आम्स्टरडॅमहून माल घेऊन आलेल्या बाईच्या पिशवीत हेरॉइनच्या जागी बेकिंग सोडा निघतो. तो आईकडे जातो. दोघांमध्ये बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी ती घरात होते तेवढे पैसे देते. पडद्यावर वार बदलत जातात आणि दर वाराला रक्कम तीच राहते, दिवस तेवढे कमी होतात. रेफनने चित्रपट ज्या क्रमाने दिसतो त्याच क्रमाने चित्रित केला. बोडनियाचा चेहरा जसजसा खंगत जातो त्यात हे दिसतं. सोमवारी विनोद सांगणारा माणूस आठवड्याच्या शेवटी भिंतीला टेकून श्वास मोजत असतो.

आपल्या गँगस्टरपटांपेक्षा हे मुळातच वेगळं आहे, ते रक्त कमी-जास्त असल्यामुळे नव्हे. आपल्याकडे गुन्हेगाराला उगम लागतो. गिरणी बंद पडली, बापाचा खून झाला, बहिणीची अब्रू गेली, मग पोरगा हत्यार उचलतो. पुढे त्याचं साम्राज्य उभं राहतं, गाणं होतं, शेवटी गोळी. फ्रँकला उगम नाही आणि साम्राज्यही नाही. त्याला कुणी अन्यायाने इथे ढकललेलं नाही, किंवा ढकललं असलं तरी चित्रपटाला त्यात रस नाही. तो डेन्मार्कमध्ये राहतो. आजारी पडला तर दवाखाना फुकट, बेकार झाला तर सरकारी भत्ता. जगातल्या सगळ्यात उबदार सरकारी गोधडीखाली झोपणारा हा माणूस एका खाजगी देण्यापुढे एकटा पडतो, कारण या धंद्यात दिवाळखोरीचा अर्ज करायची सोय नाही. आमच्याकडच्या किराणा दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. मिलोच्या दुकानात ती असती, तर हा चित्रपटच घडला नसता. अमली पदार्थांचा धंदा चालतो तो पिस्तुलावर नव्हे, उधारीवर. पिस्तूल येतं ते वसुलीला. एवढं एक सत्य इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

मिलोचा वसुलीवाला रादोवान याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्यापुरता तो या चित्रपटाचा कणा आहे. स्लाव्को लाबोविच नावाच्या धिप्पाड नटाने तो केलाय. फ्रँकला सोबत घेऊन हा गाडीतून वसुलीला निघतो. दोघं तसे ओळखीचे, एकमेकांना आवडणारे. वाटेत रादोवान आपलं स्वप्न सांगतो. त्याला एक रेस्टॉरंट काढायचंय. तेही अगदी संकोचून, लग्नाचं ठरवलेल्या मुलाने मित्राला सांगावं तसं. मग ते दोघं एका गर्दुल्ल्याच्या घरी पोचतात. त्याच्याकडे पैसे नाहीत, म्हणून त्याला बँक लुटायला भाग पाडायचं ठरतं आणि तो माणूस त्याच बंदुकीने स्वतःला संपवतो. रादोवान वाईट माणूस आहे का? आहे. रेस्टॉरंटचं स्वप्न खोटं आहे का? तेही नाही. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत, एकाच दुपारी. दिग्दर्शक कुठेही बोट दाखवून ‘बघा, माणुसकी’ म्हणत नाही. तिसऱ्या भागात हाच रादोवान खरोखर रेस्टॉरंटवाला झालेला भेटतो. धंदा सोडलाय, नाकासमोर चालतोय. मिलोचा फोन आल्यावर तो येतो आणि कशासाठी येतो ते इथे लिहीत नाही. (जाता जाता : व्हेस्टरब्रो हा भाग, जिथे हे सगळं घडतं, आता पार बदललाय. तिथल्या जुन्या मांसबाजारात आज रेस्टॉरंटांची रांग आहे. रादोवान काळाच्या पुढे होता, एवढंच.)

आता तीन भाग सलग का दाखवायचे, याचं कारण. ‘पुशर’नंतर रेफनने ‘फिअर एक्स’ हा इंग्रजी चित्रपट केला. २००३ सालचा तो चित्रपट आपटला, त्याची निर्मितीसंस्था बुडाली आणि तो स्वतः कर्जाच्या डोंगराखाली आला. देणं फेडायचा खात्रीचा रस्ता एकच दिसत होता, तो म्हणजे जुन्या यशाचे पुढचे भाग काढणं. २००४ आणि २००५ अशा लागोपाठच्या वर्षांत त्याने दुसरा आणि तिसरा ‘पुशर’ केला. या धडपडीवर फी अंबो या दिग्दर्शिकेचा ‘गॅम्बलर’ नावाचा माहितीपट आहे, २००६ सालचा. त्यात रेफन बँकेशी, निर्मात्यांशी, घरच्या हिशेबाशी झुंजताना दिसतो. मिळाला तर तोही दाखवा. आठवड्याची मुदत अंगावर आलेल्या कर्जदाराची गोष्ट सांगणाऱ्या पोरावर आठ वर्षांनी तीच पाळी आली. पैशासाठी काढलेले पुढचे भाग पहिल्यापेक्षा पडेल असतात असा आपला अनुभव. इथे उलट झालंय. दुसरा भाग पहिल्याहून चांगला आहे आणि तिसऱ्याच्या बाबतीत माझं मत दर वेळी बदलतं.

दुसऱ्या भागाचा नायक फ्रँक नाही, टोनी आहे. पहिल्या भागात ज्याला आपण टवाळ, मूर्ख, बडबड्या म्हणून सोडून दिलं तोच. तुरुंगातून सुटतो आणि बापाकडे जातो. बाप गाड्या चोरणाऱ्या टोळीचा म्होरक्या. त्याच्या लेखी हा पोरगा कवडीमोलाचा. इकडे एका बाईला मूल झालंय आणि ते टोनीचं आहे असं ती सांगते. बापाने झिडकारलेल्या माणसाच्या हातात अचानक एक तान्हं मूल येतं आणि त्याला ते धरायचं कसं हेसुद्धा ठाऊक नसतं. मिकेल्सन पुढे जेम्स बाँडचा खलनायक झाला, ऑस्कर मिळवणाऱ्या डॅनिश चित्रपटात मास्तर म्हणून नाचला. पण मुलाचं लंगोट बदलायचं म्हणजे नेमकं काय, हे न कळणारा तो टकला माणूस पाहिल्याशिवाय या नटाबद्दल बोलू नये, असं माझं आगाऊ मत आहे. शेवट सांगत नाही. तो एका बसमध्ये होतो, एवढंच सांगतो.

तिसरा भाग मिलोचा. एक दिवस. सकाळी हा बडा व्यापारी व्यसनमुक्तीच्या बैठकीत गोलात बसून आपण किती दिवस ‘स्वच्छ’ आहोत ते सांगतो. संध्याकाळी त्याच्या मुलीचा पंचविसावा वाढदिवस आहे, पन्नास पानं जेवायची आहेत आणि स्वयंपाक त्यालाच करायचाय. मिलोला स्वयंपाकाची हौस फार, हात मात्र बेतास बात. त्याच्या हातचं खाऊन त्याचीच माणसं पोट धरून आडवी होतात. त्यामुळे ऐन दिवशी धंद्याला माणसं नाहीत. त्यातच हेरॉइन मागवलं होतं त्या जागी एक्स्टसीच्या गोळ्या येतात, ज्यातलं या जुन्या खोडाला ओ की ठो कळत नाही. तरुण अल्बेनियन पोरं त्याला म्हातारा म्हणून वागवू लागलीत. मुलगी बापाला बोटावर नाचवते. कांदा परतताना फोन, फोनवर धमकी, धमकीनंतर पुन्हा कांदा. झ्लात्को बुरिच हा नट मूळचा क्रोएशियातला, १९८१ पासून डेन्मार्कमध्ये. २०२२ सालच्या युरोपियन फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान त्याला मिळाला, एका श्रीमंत रशियन खतव्यापाऱ्याच्या भूमिकेसाठी. तो चित्रपट तुमच्यापैकी काहींनी दाखवलाही असेल. मिलो त्या खतव्यापाऱ्याचा गरीब चुलतभाऊ आहे. शेवटची वीसेक मिनिटं भयंकर आहेत, ते लपवत नाही. ती भयंकर आहेत याचं कारण ती कंटाळवाणी आहेत. माणूस नाहीसा करणं हे किती वेळखाऊ, घाणेरडं, कमरेचा काटा ढिला करणारं काम आहे, हे दोन म्हातारे कारागिरांसारखे घाम पुसत पुसत दाखवतात. संगीत नाही, वेग नाही. हे बघून कुणाचा हात शिवशिवेल असं मला वाटत नाही. कुणी उठून गेला तर समजू शकतो.

हिंसेच्या आक्षेपावर माझं उत्तर एवढंच. आपण ज्या चित्रपटांना ‘कौटुंबिक’ म्हणतो त्यात नायक एका ठोशाला दहा माणसं उडवतो आणि एकाचंही हाड मोडलेलं दिसत नाही. तिथे कापाकापी फुकटात होते. इथे प्रत्येक माराची किंमत मोजली जाते आणि मारणाऱ्यालाही ती चुकत नाही.

एक छोटी सूचना परिचयपत्रक लिहिणाऱ्यांना. कॅमेरा हातात धरलेला, हलता, अंधुक प्रकाशातला आहे म्हणून ‘डॉग्मा चळवळीतला चित्रपट’ असं छापू नका. फॉन ट्रियर आणि व्हिंटरबर्ग यांच्या या कडक नियमांच्या चळवळीचा जाहीरनामा १९९५ चा, पण त्या शिक्क्याचा पहिला चित्रपट १९९८ साली आला, ‘पुशर’नंतर दोन वर्षांनी. आणि डॉग्माच्या नियमांत चित्रपटाबाहेरचं संगीत बसत नाही, इथे ते दणकून आहे.

आता स्वीडनकडे येतो. तिथला चित्रपट घ्यायचा तर डॅनिएल एस्पिनोझाचा ‘स्नाब्बा कॅश’, २०१० सालचा. मूळ कादंबरी येन्स लापिडसची, जो पेशाने फौजदारी वकील. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलं ती माणसं त्याने कोर्टाच्या बाकावर शेजारी बसून ऐकलेली. योएल किन्नामनने केलेला जेडब्ल्यू हा सामान्य घरातला हुशार मुलगा स्टॉकहोमच्या नामांकित अर्थशास्त्र महाविद्यालयात शिकतो, श्रीमंत मित्रांत त्यांच्यासारखे कपडे घालून वावरतो आणि त्या कपड्यांसाठी रात्री टॅक्सी चालवतो. टॅक्सीच्या धंद्यामागे कोकेनचा धंदा आहे. तिथे हा मुलगा पिस्तूल चालवायला जात नाही. त्याची हुशारी वेगळीच : अडचणीत आलेली एक बँक हाताशी धरून पैसा पांढरा कसा करायचा, हे तो टोळीला शिकवतो. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतरचा हा चित्रपट आहे आणि बँक आणि टोळी यांच्यातलं अंतर किती कमी आहे, हे त्याने न ओरडता दाखवलंय. दुसऱ्या बाजूला म्रादो नावाचा सर्बियन वसुलीवाला, ज्याला लहान मुलीला सांभाळत मारामाऱ्या कराव्या लागतात. ही भूमिका करणारा ड्रागोमिर म्रसिच तरुणपणी स्वतः बँकदरोड्यात शिक्षा भोगलेला माणूस आहे. त्याच्या बसण्या-उठण्यात काहीतरी आहे, जे नाट्यशाळेत शिकवत नाहीत.

मला हा चित्रपट ‘पुशर’इतका आवडत नाही. तो देखणा आहे आणि देखणेपणाची किंमत त्याला मोजावी लागते. त्याचे पुढचे दोन भाग वगळले तरी चालतील. पण चर्चेसाठी तोच जास्त उपयोगाचा, कारण इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपण म्हणतो की असे चित्रपट डोळे उघडतात. स्वीडनमध्ये नेमकं काय झालं? हा चित्रपट खूप चालला, नाव घराघरांत पोचलं, २०२१ साली त्याच नावाने नेटफ्लिक्सची मालिका आली. त्याच दशकात तिथल्या टोळ्यांचा गोळीबार वाढत गेला. जेमतेम एक कोटीच्या या देशात २०२२ साली ६२ माणसं गोळीबारात मेली. १५ वर्षांखालच्या मुलावर फौजदारी खटला चालत नसे म्हणून त्याच वयाची पोरं सुपारीच्या कामाला लावली जाऊ लागली. २०२१ च्या ऑक्टोबरात एनार हा अवघ्या १९ वर्षांचा लोकप्रिय रॅपर स्टॉकहोममध्ये गोळ्या घालून मारला गेला. सिनेमाने हे घडवलं असं म्हणणारा मूर्ख ठरेल. पण सिनेमाने हे थांबवलं नाही, हेही तितकंच खरं. म्हणून माझी कळकळीची विनंती : हे चित्रपट २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाच्या निमित्ताने, एखाद्या साहेबांना प्रमुख पाहुणे बोलावून, शपथ-बिपथ देऊन दाखवू नका. (तसंही २६ जून आपल्याकडे शाहू महाराजांचा दिवस आहे, तो त्यांचाच राहू द्या.) ही लस नाही. चित्रपट म्हणून चांगले आहेत, म्हणून दाखवा.

डेन्मार्कचे आणखी दोन चित्रपट सोबत जोडता येतील. तोबियास लिंडहोल्म आणि मिकेल नोअर यांचा ‘आर’, २०१० सालचा. हा होर्सेन्सच्या खऱ्याखुऱ्या, चार वर्षं आधी बंद पडलेल्या तुरुंगात चित्रित झाला. तुरुंगाच्या आतली पुरवठा-साखळी, कोण कुणाचा माल कुणापर्यंत पोचवतो, एवढ्यावर सगळा चित्रपट उभा आहे. नोअरचा एकट्याचा ‘नॉर्डव्हेस्ट’, २०१३ सालचा. घरफोड्या करणारा अठरा वर्षांचा मुलगा एका टोळीतून दुसरीत जातो आणि धाकट्या भावाला मागे ओढून घेतो. भावांच्या भूमिका सख्ख्या भावांनी केल्यात. वेळ असेल तरच. दोन्हीपैकी एकच घ्यायचा तर ‘आर’ घ्या.

नॉर्वेबद्दल मात्र आग्रह धरणार आहे. उलरिक इम्तियाज रोल्फसेनचा ‘इज्जत’, २००५ सालचा. दिग्दर्शकाच्या नावातच दोन देश आहेत. ऑस्लोत वाढलेली पाकिस्तानी वंशाची मुलं, रस्त्यावर नॉर्वेजियन, घरात उर्दू-पंजाबी, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत टोळी. आपल्या सभासदांना या चित्रपटातल्या निम्म्या गोष्टींना उपशीर्षकांची गरज पडणार नाही : बाप जेवताना गप्प का बसतो, आई कुणापुढे खोटं बोलते, लग्नात कोण कुणाच्या शेजारी बसत नाही. चित्रपट म्हणून तो ‘पुशर’च्या तोडीचा नाही, हॉलिवूडचं अनुकरण मधूनमधून उघडं पडतं. तरी स्कँडिनेव्हिया म्हणजे गोरी, अबोल, बर्फातली माणसं हे आपलं चित्र पुसायला तो पुरेसा आहे. आणि एक गंमत : ‘पुशर’चा पुनर्निर्मित अवतार हिंदीतसुद्धा झालाय. मुंबईत नव्हे, ब्रिटनमध्ये, २०१० साली, असद राजा या दिग्दर्शकाचा. त्यानंतर दोनच वर्षांत इंग्रजी आवृत्ती आली आणि तिच्यात मिलो पुन्हा बुरिचच होता. गोष्ट एकच. उधारी कुठल्याही भाषेत चढते.

या चित्रपटांत खोटही आहे आणि ती चर्चेत आलीच पाहिजे. बायका. ‘पुशर’मधली व्हिक ही फ्रँकवर जीव लावणारी, पैसे घेऊन सोबत करणारी मुलगी. तिला कुत्रा आहे, स्पेनला पळून जायचं स्वप्न आहे आणि तिच्याबद्दल फ्रँकला जेवढं कळतं तेवढंच चित्रपटाला कळतं. दुसऱ्या भागातली मुलाची आई तर जवळपास दोषारोपपत्रच आहे. बाप म्हणून टोनी आपल्याला आवडावा यासाठी आईला कोकेन ओढत बसवलंय. हा सोपा मार्ग होता. ‘स्नाब्बा कॅश’च्या नव्या मालिकेत लेया नावाची एकटी आई, स्वतःची कंपनी उभी करू पाहणारी, मध्यभागी आली, पण त्यासाठी पंचवीस वर्षं जावी लागली. दुसरी खोट स्थलांतरितांची. सर्ब, अल्बेनियन, अरब सगळे गुन्हेगार म्हणूनच आले तर बघणाऱ्याच्या मनात काय साठतं? रेफनच्या बाजूने एवढं म्हणता येईल की त्याच्या चित्रपटात डॅनिश माणसंही तितकीच खालच्या पायरीवर आहेत आणि आपल्या मुलीच्या वाढदिवसासाठी राबणारा एकमेव बाप सर्बियन आहे. हे उत्तर पुरेसं आहे की नाही, ते सभासदांना ठरवू द्या.

कोपनहेगनचं नाव निघालं की कुणीतरी क्रिस्तियानियाचा विषय काढणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. १९७१ पासून चालत आलेली ती ‘मुक्त वसाहत’ आणि तिथली पुशर स्ट्रीट हा वेगळा मामला. तिथे गांजा-चरस उघड विकला जायचा, हेरॉइनसारख्या कडक नशेला वसाहतीचीच बंदी. पुढे तोही बाजार टोळ्यांच्या हातात गेला, २०२३ मध्ये गोळीबारात माणूस मेला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये रहिवाशांनीच त्या रस्त्याचे दगड उखडून टाकले. ‘पुशर’ त्या रस्त्यावर घडत नाही. तो व्हेस्टरब्रोचा, रेल्वे स्टेशनमागच्या इस्टेगेडे परिसराचा चित्रपट आहे. तिथेच पुढे २०१२ पासून व्यसनी माणसांना देखरेखीखाली सुई टोचून घेता येईल अशा कायदेशीर खोल्या सुरू झाल्या. रस्त्यावर मरणारी माणसं त्यामुळे वाचली. मिलो-फ्रँकच्या उधारीला मात्र त्या खोल्यांचा काही धक्का नाही, कारण माल अजून बाहेरूनच आणावा लागतो.

‘आपल्याला याचं काय?’ असं विचारणाऱ्याला माझ्याकडे लांब उत्तर नाही. मराठी वाचकाला गर्द अनिल अवचटांनी दाखवला, त्या विषयाचं पुस्तक लिहिलं आणि पुण्यात १९८६ साली पत्नी सुनंदाताईंबरोबर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तो व्यसनी माणसाच्या बाजूने सांगितलेला भाग. विकणाऱ्याचा भाग आपल्याकडे अजून बातमीतच अडकलाय. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून मेफेड्रोनचा, म्हणजे रस्त्यावरच्या भाषेत एमडीचा, प्रचंड साठा पकडला, तेव्हा मथळ्यांत फक्त कोटींचे आकडे होते. त्या साखळीत कुणाचं देणं कुणाकडे होतं, कुणी आईकडे जाऊन पैसे मागितले, वसुलीला गेलेल्या पोराला पुढे काय करायचं होतं, हे मथळ्यात बसत नाही. ते पटकथेत बसू शकतं. रसास्वाद शिबिराला येणाऱ्या मुलांपैकी एखाद्याने तरी हे चित्रपट मोठ्या पडद्यावर बघावेत असं वाटतं ते त्यासाठी.

आता व्यवहाराचं. तीन ‘पुशर’ तीन सलग संध्याकाळी, क्रमानेच. तिसरा आधी दाखवू नका, रादोवानचं रेस्टॉरंट वाया जाईल. चौथ्या दिवशी दुपारी ‘इज्जत’, संध्याकाळी ‘स्नाब्बा कॅश’. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, हे पत्रिकेवर ठळक छापा आणि दारावर पाळा. कात्री लावू नका. सभासदांपुरत्या खेळांना जी मोकळीक आपल्याला मिळते, ती नेमकी याचसाठी आहे. मराठी उपशीर्षकं करण्याचा विचार असेल तर उत्तम, पण शिव्या धुऊन काढू नका. टोनीच्या तोंडी ‘अरे दुष्टा’ आलं तर प्रेक्षक हसतील आणि त्यांचं चुकणार नाही. धूम्रपानाचा वैधानिक इशारा पडद्याच्या कोपऱ्यात टाकावाच लागला तर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसाच राहील, याची मानसिक तयारी ठेवा. चर्चेसाठी समीक्षक बोलवायची गरज नाही. अमली पदार्थांच्या खटल्यांत आरोपींची बाजू मांडणारा एखादा वकील बोलवा आणि त्याला चित्रपटाबद्दल नव्हे, जामिनाबद्दल, उधारीबद्दल, आणि त्याच्याकडे येणाऱ्या मुलांच्या वयाबद्दल विचारा. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेली माणसं यायला तयार असतील तर त्यांना प्रेक्षकांत बसू द्या, व्यासपीठावर नको.

आणि पहिल्या संध्याकाळी मध्यंतरात निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, तरी दुसऱ्या दिवशीचा खेळ रद्द करू नका. टोनी दुसऱ्याच दिवशी येतो.

आपला,
वर्गणी वेळेवर भरणारा एक सभासद